माशांची कुळकथा

पनवेलजवळील नेरे गावाकडून वाहणारी गाढी नदी माथेरानच्या डोंगरात उगम पावते आणि पश्चिमेस खाडीला मिळते. तेथून पूर्वेस बोरघाट चढून गेले, की लोणावळ्याजवळ इंद्रायणीचा उगम आहे. परंतु तिचे पाणी भीमा व कृष्णा ह्या नद्यांतून बंगालच्या उपसागरास जाते. मधला सह्याद्री मनुष्य घाटाने ओलांडतो. गोड्या पाण्यातील माशाने तो कसा ओलांडावा? एकाच कुळातील मासे असे दुरावले, म्हणजे हजारो पिढ्यांत त्यांची घडण निराळी होत जाते. मग कोण कोणाचा आप्त, हे ओळखावे कसे?

ह्या कामी माशाच्या पेशींतील तंतुकणिका उपयोगी पडतात. पेशीला शक्ती पुरविणाऱ्या ह्या सूक्ष्म घटकांत डीएनएचा एक लहानसा स्वतंत्र धागा असतो. त्यात सुमारे १६,५०० अक्षरे व ३७ जनुके असतात. मूळ अक्षरे चारच. महत्त्व त्यांच्या क्रमाला. हा धागा संततीस बहुधा मातेकडूनच मिळतो. पोथीची नक्कल करताना एखादे अक्षर चुकावे आणि पुढील सर्व नकलांत ती चूक उतरावी, तसेच येथे घडते. दोन माशांच्या अक्षरक्रमांत भेद थोडे असतील, तर त्यांची पूर्वजमाता अलीकडची. भेद पुष्कळ असतील, तर ती फार प्राचीन.

ह्या विद्येने एक जुना घोटाळा उलगडला. कावेरी नदीतील, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर ५० किलोहून अधिक वजनाचा होई. कीर्ती एवढी मोठी. पण त्याचे शास्त्रीय नाव कोणते, हे निश्चित नव्हते! दख्खनी महाशीर हा त्याचा भाऊबंद. त्याचे वर्णन साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील माशांवरून केले होते. लोणावळ्याच्या केंद्रात वाढविलेली ह्या दख्खनी महाशीराची पिले १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडली गेली. हेतू चांगला होता; परंतु पाहुणे वाढले आणि मूळ रहिवासी विरळ झाला. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्या रक्षणाची मागणी तरी कोणत्या नावाने करावी?

२०१८ साली संशोधकांनी कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीतील मासे तपासले. तंतुकणिकेतील जनुकाबरोबर त्यांनी शरीराची ठेवणही पाहिली. हे योग्यच झाले. कारण संकर झाला असल्यास पित्याचा वाटा मातृवंशाच्या धाग्यात दिसत नाही. केरळातील पांबार नदीतल्या लहान माशांवरून पूर्वीच वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ तोच हा मासा, असे तेव्हा सिद्ध झाले. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली.