करंजीचा लंगर आणि नांदेडचा धडा

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मंगरूळपीरसारख्या गावांतही किराणा आणि औषधांची दुकाने तेवढी चालू राहिली, बाकीची पेठ बंद झाली. ज्यांच्या घरात वर्षभराचे धान्य भरलेले होते त्यांना ते दिवस कंटाळ्याचे वाटले. पण पुणे, मुंबई, हैदराबाद येथून पायी निघालेल्या मजुरांची विदर्भाच्या रस्त्यांवर रीघ लागली होती. त्यांच्या डोक्यावर गाठोडे होते आणि कडेवर लेकरू. ढाबे बंद, हॉटेले बंद. खिशात पैसे असले तरी भाकरी विकत मिळत नव्हती.

त्या काळात आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जे घडले, ते जैन कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. त्यात आपल्या ओळखीचे पुष्कळ आहे आणि शिकण्यासारखेही.

महामार्गावरची पंगत

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावर करंजी नावाचे गाव आहे. आपल्या कारंजा लाडशी नामसाधर्म्य असले तरी हे गाव वेगळे. येथून काही अंतरावर, जंगलाच्या आत, वाई येथे गुरुद्वारा भगोड साहिब आहे. दहावे गुरू श्री गुरुगोविंदसिंहजी नांदेडकडे जाताना येथे थांबले होते, अशी श्रद्धा आहे. हे स्थान आडवळणी असल्यामुळे महामार्गालगत त्याचा लंगर १९८८ पासून चालतो. त्याची धुरा बाबा करनैलसिंग खैरा यांच्याकडे होती. महामारीच्या वर्षी त्यांचे वय ८१ होते.

या वयात घरात बसून राहण्याचा सल्ला त्यांना कोणीही दिला असता, आणि तो चुकीचाही ठरला नसता. त्यांनी मात्र चूल पेटती ठेवली. त्या वेळच्या वृत्तांनुसार पहिल्या १० आठवड्यांत या एका लंगरातून सुमारे २० लाख लोकांना अन्न मिळाले. त्यांपैकी बहुतेकांनी तेथेच बसून ताजे जेवण घेतले, उरलेल्यांना बांधून दिले गेले. हे सारे करणारे सेवादार होते अवघे १७, आणि त्यांत ११ स्वयंपाकी. सकाळी चहा-नाश्ता, नंतर पोळी, वरण, भात. थकलेल्यांना अंघोळीसाठी पाणी आणि साबण. परिसरातील भटकी कुत्री, मांजरे आणि गुरे यांचाही वाटा रोज वेगळा काढला जाई. जीवदयेचा संस्कार लाभलेल्या वाचकाला या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको.

व्यापारी घरातील माणूस येथे एक प्रश्न विचारील, आणि त्याने तो विचारायलाच हवा : एवढा शिधा, एवढी माणसे, एवढी भांडी एका रात्रीत कोठून आली? ती एका रात्रीत आलीच नव्हती. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा हा लंगर ३२ वर्षांचा होता. चुली होत्या, कोठार होते, शिधा पाठवणारे दाते ठरलेले होते आणि पंगत वाढायची सवय असलेले हात होते. संकटाने त्यांच्याकडून नवे काही मागितले नाही. चालू होते तेच अनेक पटींनी मागितले.

वाटून खाण्याची शिस्त

शीख जीवनपद्धतीचे तीन आधार गुरू नानकदेवांच्या शिकवणीतून आले : नामस्मरण, प्रामाणिक कष्टाची कमाई आणि मिळालेले वाटून खाणे. यातील तिसऱ्याला व्यवहारात उतरवण्यासाठी ‘दसवंध’ म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा बाजूला काढण्याची प्रथा पडली. तिसरे गुरू अमरदासजी यांनी पंगतीला विशेष महत्त्व दिले. गुरूंच्या दर्शनाला येणाऱ्याने आधी सर्वांसोबत एका ओळीत बसून जेवायचे, मग तो कोणत्याही जातीचा वा पदाचा असो.

साथीच्या रोगाशीही या परंपरेचे जुने नाते आहे. आठवे गुरू हरकृष्णजी बालवयात दिल्लीस आले तेव्हा तेथे साथ पसरली होती. त्यांनी रुग्णांची सेवा केली आणि १६६४ मध्ये देवीच्या आजाराने तेथेच देह ठेवला. दिल्लीचा बंगला साहिब गुरुद्वारा त्यांच्या त्या वास्तव्याचे स्मारक आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याच दिल्लीत रकाबगंज साहिब गुरुद्वाऱ्याच्या आवारात ४०० खाटांचे उपचार केंद्र उभे राहिले, आणि गाझियाबादजवळ इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्याने रस्त्याच्या कडेला प्राणवायूचा ‘लंगर’ मांडला.

आपल्या भागाला हे सारे परके नाही. ज्यांची पदे श्री गुरुग्रंथसाहिबात सन्मानाने समाविष्ट आहेत त्या संत नामदेवांचे नरसी गाव आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे. १७०८ मध्ये गुरुगोविंदसिंहजींनी जेथे देह ठेवला ते नांदेड त्याच्या पलीकडे.

श्रद्धा आणि गर्दी

नांदेडने महामारीत दोन कठीण प्रसंग पाहिले. टाळेबंदी लागली तेव्हा तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनास आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू तेथे अडकले. महिनाभर त्यांच्या निवासाची आणि जेवणाची व्यवस्था गुरुद्वाऱ्याने केली. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी ते परतले, आणि पंजाबात केलेल्या तपासणीत त्यांतील एक हजाराहून अधिक जण बाधित आढळले. नांदेडमध्येही लंगरच्या काही सेवादारांना लागण झाल्याचे दिसून आले. संसर्ग कोठे झाला यावरून दोन राज्यांत आरोप-प्रत्यारोप झाले. यात्रेकरूंचा त्यात दोष नव्हता. तरीही सर्वांना एक गोष्ट कळली : एकत्र राहणे हेच ज्या सेवेचे सौंदर्य, तेच एकत्र राहणे या रोगाचे वाहन होते.

दुसरा प्रसंग २९ मार्च २०२१ चा. होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला प्रशासनाने परवानगी नाकारली होती आणि कार्यक्रम गुरुद्वाऱ्याच्या आवारातच होईल, असे व्यवस्थापनाने मान्य केले होते. तरी जमावातील काहींनी अडथळे तोडले, पोलिसांवर हल्ला झाला, काही पोलीस जखमी झाले. ज्या समाजाने वर्षभर अनोळखी माणसांना जेवू घातले, त्याच समाजातील काही तरुणांना एका दिवसाची मिरवणूक सोडणे जमले नाही. हे लिहिताना कोणाकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. सेवा करण्यापेक्षा उत्सव आवरणे माणसाला अधिक जड जाते, एवढेच त्यातून घ्यायचे. आणि हे जडपण सर्व धर्मांच्या अनुयायांना सारखेच आहे.

आपणही त्या कसोटीतून गेलो. ६ एप्रिल २०२० ची महावीर जयंती आपण घरातच साजरी केली. त्याच वर्षीच्या पर्युषणात मंदिरे उघडण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरांत शेवटचे दोन दिवस, एका वेळी पाच आणि दिवसाला २५० भाविक, एवढीच मोकळीक मिळाली. बाकीच्यांनी प्रतिक्रमण घरी केले. आपल्या श्वासाने दुसऱ्या जीवाला अपाय होऊ नये ही काळजी आपल्या साधुसंतांच्या आचारात शतकानुशतके आहे. त्या दिवसांत ती प्रत्येक श्रावकाच्या वाट्याला आली.

आपल्या वहीतले खाते

दानाची परंपरा आपल्याकडे कमी नाही. आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने लहानपणापासून आपल्या कानावर पडतात. तेराव्या शतकातील मोठ्या दुष्काळात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशहाने आपली धान्याची कोठारे सर्वांसाठी खुली केली, ही कथा ‘जगडूचरिता’त आहे. पाऊस पडत होता तेव्हाच त्याने धान्य साठवून ठेवले होते, हे त्या कथेतील व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे. आपल्या काळात भारतीय जैन संघटनेने २०२० मध्ये ‘डॉक्टर आपल्या दारी’ हा फिरत्या दवाखान्यांचा उपक्रम चालवला आणि २०२१ मध्ये प्राणवायू यंत्रे गावोगावी पोहोचवली. औषधदानाचेच ते आजचे रूप.

तरीही करंजीचा लंगर आपल्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवतो. आपले बहुतेक दान प्रसंगाने होते : चातुर्मास, पंचकल्याणक, वाढदिवस, पुण्यतिथी. आणि त्यातील मोठा भाग साधर्मिकांपुरता राहतो. साधर्मिक वात्सल्य हे कर्तव्यच आहे, त्याचा आदर राहावा. पण भूक लागलेला वाटसरू दारात उभा राहिला तेव्हा करंजीत त्याला नाव, गाव, धर्म विचारला गेला नाही. आपल्या संघाकडे अशा वाटसरूसाठी काही नेमलेले आहे काय?

उपाय आपल्या जुन्या वहीतच आहे. प्रत्येक सौद्यामागे काही पैसे ‘धर्मादा’ म्हणून बाजूला काढायची रीत पेढ्यांवर होती. दसवंध आणि धर्मादा ही सख्खी भावंडे. ते खाते पुन्हा उघडावे आणि त्यातून तीन कायमच्या सोयी उभ्या राहाव्यात. पहिली, शंभर माणसांचा आठवडाभराचा शिधा, जो दर काही महिन्यांनी गरजूंना वाटून नव्याने भरला जाईल. दुसरी, देखभाल केलेली प्राणवायू यंत्रे आणि ती चालवता येणारे चार तरुण. तिसरी, गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, सर्व समाजांतील. यांच्या जोडीला संघाचा एक लेखी ठराव असावा : साथ आली तर वरघोडा आणि महाप्रसाद थांबवण्याचा निर्णय कोणी, किती दिवसांत घ्यायचा. हा ठराव शांत काळात झालेला बरा. ऐन वेळी भावना तापलेल्या असतात.

ज्या गावाच्या नावातच पीर आहे त्या मंगरूळपीरमध्ये निरनिराळ्या श्रद्धांची माणसे एकाच पेठेत व्यवहार करत आली आहेत. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाल्यावर ‘धर्मादा’ हे खाते उघडावे आणि त्यात पहिली रक्कम त्याच दिवशी जमा करावी.