कृती लिहिणारी माणसे

2005 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सेबॅस्टोपोल या छोट्या गावातून ‘मेक’ नावाचे त्रैमासिक निघाले. पहिल्याच अंकात पतंगाला कॅमेरा बांधून उंचावरून छायाचित्रे कशी घ्यायची, याची सविस्तर कृती होती. सामान कुणालाही मिळेल असे: आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, एकदा वापरून टाकून द्यायचा स्वस्त कॅमेरा. लिहिणारे चार्ल्स बेंटन बर्कलीच्या विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकवत. या मासिकातून पुढे स्वतः वस्तू बनवणाऱ्यांची ‘मेकर’ चळवळ उभी राहिली आणि तिचे श्रेय सहसा स्वस्त झालेल्या सुट्या भागांना, थ्रीडी प्रिंटरला आणि इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. वस्तू स्वस्त झाल्याने ती उघडून पाहण्याचे धैर्य येत नाही. ते धैर्य देणारी माणसे वेगळी असतात आणि ‘मेक’च्या बाबतीत ती मुख्यतः लिहिणारी माणसे होती.

संस्थापक डेल डोहर्टी यांचेच पाहा. त्यांचे शिक्षण इंग्रजी साहित्याचे. टिम ओरायली यांच्यासोबत त्यांनी जी प्रकाशनसंस्था वाढवली, तिचा मूळ धंदा संगणकाची माहितीपुस्तके लिहून देण्याचा होता. युनिक्सवरच्या ‘सेड अँड ऑक’ या पुस्तकाचे मूळ लेखक डोहर्टीच. काम करणाऱ्याचे बोट नेमके कोणत्या पायरीवर अडेल, हे आधी ओळखणे हाच या लेखनाचा गाभा. पहिले मुख्य संपादक मार्क फ्राउनफेल्डर यांनी शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे घेतले होते, पण नाव कमावले पत्नी कार्ला सिंक्लेअर यांच्याबरोबर 1988 मध्ये काढलेल्या ‘बोइंग बोइंग’ या घरगुती नियतकालिकाने. चार्ल्स प्लॅट तर विज्ञानकथा लिहिणारे कादंबरीकार. त्यांच्या ‘मेक: इलेक्ट्रॉनिक्स’ या 2009 च्या पुस्तकात पहिला प्रयोग नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून पाहण्याचा आहे. त्यानंतर लवकरच एक छोटा दिवा मुद्दाम जाळायला सांगितला जातो. ओहमचा नियम येतो तो हे सगळे अनुभवल्यावर. घटनेआधी उत्सुकता निर्माण करणे हे कथाकाराचे काम, आणि प्लॅट यांनी ते विजेच्या पाठाला लावले.

आता असे म्हणता येईल की लेखकांचे एवढे कौतुक कशाला, हल्ली कोणतीही गोष्ट दुरुस्त करण्याचा व्हिडिओ फुकट मिळतो. व्हिडिओत हात कसा फिरतो ते दिसते, पक्कड कशी धरायची ते दिसते, आणि हा फायदा खरोखर मोठा आहे. पण छापील कृतीवर एक जबाबदारी असते. पाककृतीत ‘अंदाजाने पाणी घालावे’ असे लिहिले, तर स्वयंपाक येणाऱ्यालाच ती उपयोगी पडते. नवख्याला अंदाज हाच तर नसतो. ‘मेक’च्या कार्यशाळेत अभियांत्रिकीचे तरुण उमेदवार छापण्यासाठी आलेल्या वस्तू लेखकाच्या मजकुरावरून स्वतः बांधून पाहत. ज्याने ती वस्तू पूर्वी कधी केलेली नाही, त्याच्या हातून ती उभी राहते की नाही, ही खरी परीक्षा. व्हिडिओ करणारा सहसा स्वतःच करून दाखवतो, त्यामुळे ही परीक्षा त्याला द्यावीच लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. 2006 मध्ये सॅन मटेओला पहिला ‘मेकर फेअर’ भरला, 2014 मध्ये असाच मेळा थेट व्हाइट हाउसमध्ये झाला. एवढ्या मोठ्या पसाऱ्याला पैसे देणारे कोण, हा प्रश्न ओघाने आला. 2012 मध्ये शाळांमधल्या कार्यशाळांसाठी डोहर्टी यांनी ‘डार्पा’ या लष्करी संशोधनसंस्थेचे अनुदान घेतले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे तंत्रज्ञ मिच ऑल्टमन यांनी मेळ्याला मदत करणे जाहीरपणे थांबवले. माझी सहानुभूती ऑल्टमन यांच्याकडे आहे. मुलांच्या हातात पाना देताना तो कुणाच्या पैशाने दिला, हे महत्त्वाचे ठरते.

तरी सर्वांत जड आक्षेप एमआयटीत प्राध्यापक राहिलेल्या लिया ब्यूकली यांचा आहे. 2013 मध्ये त्यांनी मासिकाची तोवरची मुखपृष्ठे मोजली. त्यांवरच्या माणसांत 85 टक्के पुरुष आणि मुलगे होते, आणि गोऱ्या वंशाबाहेरचे कुणीच नव्हते. माझा मुद्दा मान्य केला तर हा आक्षेप अधिकच टोचतो. माणसेच महत्त्वाची असतील, तर कोणती माणसे दाखवली हेही तितकेच महत्त्वाचे. शिवणकाम आणि विणकाम 2006 मध्ये ‘क्राफ्ट’ या वेगळ्या मासिकात गेले आणि 2009 मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. सुई आणि सोल्डरिंगची तार यांची अशी वाटणी व्हायला नको होती. ब्यूकली यांनीच शिवणकामाच्या कापडावर बसेल अशी ‘लिलीपॅड आर्डुइनो’ घडवली होती. शिवाय हाताने करून शिकणे ही काही कॅलिफोर्नियाची मिरास नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या मुलांनी हाताने काम करत विज्ञान शिकावे, हाच त्याचा पाया. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांची ‘फॅब लॅब’ या यंत्रसज्ज सामायिक कार्यशाळेची कल्पना तिथे 2002 मध्ये पोचली, म्हणजे ‘मेक’चा पहिला अंक निघण्याच्या तीन वर्षे आधी.

उरतो 2019 चा दाखला. त्या वर्षी जूनमध्ये मासिक आणि मेळे चालवणारी ‘मेकर मीडिया’ ही कंपनी बंद पडली आणि 22 जणांची नोकरी गेली. एवढी चांगली माणसे होती तर धंदा का बुडाला, असे कुणी विचारील. पण मोठे मेळे भरवणे खर्चिक होते आणि ते प्रायोजकांच्या पैशावर चालत. प्रायोजक आटले की मेळा अडतो. कृती लिहिण्याची विद्या त्या ताळेबंदात मोजलीच जात नव्हती. डोहर्टी यांनी काही आठवड्यांतच नाव आणि मालमत्ता परत मिळवून लहान प्रमाणावर मासिक पुन्हा सुरू केले. प्लॅट यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती त्यानंतर, 2021 मध्ये निघाली.