सही झाली म्हणून हक्क बुडत नाही

समजा, गासमधल्या एखाद्या तरुणाने कंपनीची फ्रँचायझी घेतली. ती सोडताना कंपनी अनामत अडवून ‘आमचा कोणताही दावा उरला नाही’ या कागदावर सही मागते. मग?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या १९७० च्या फ्रँचायझी कायद्याने, त्याचे संरक्षण सोडायला लावणारी अट रद्दबातल ठरवली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण १८७२ च्या करार कायद्यानुसार दबावाखालची सही न्यायालयात रद्द करून घेता येते. दबावाने लिहून घेतलेल्या ‘पूर्ण भरपाई’च्या पावतीने दावा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बोघारा पॉलिफॅब या विमा खटल्यात सांगितले. मात्र दबाव सिद्ध करावा लागतो. राजीखुशीची तडजोड बंधनकारकच राहते.

म्हणून बंधू-भगिनींनो, आम्ही सांगतो: वाचल्याशिवाय सही करू नका, प्रत मागून घ्या. दबाव आलाच तर लगेच लेखी हरकत पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.