वळचणीला कळतो ऋतू

बीडचा मे महिना. पारा ४२ अंशांवर. आता कोंबडीच्या अंगाचं तापमान ऐका: तेही ४१ ते ४२ अंश! आपल्याला एवढा ताप चढला तर तातडीनं दवाखाना गाठावा लागेल. तिचं मात्र हे रोजचंच. त्यात अंगावर घामाची एकही ग्रंथी नाही. मग ती उन्हाळा काढते कशी?

चोच वासून. धाप लागली की तिच्या पोटातल्या हवेच्या पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या चालू लागतात. आतला ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. पण सोबत रक्तातला कार्बन डायऑक्साइडही निसटतो, आणि अंड्याच्या कवचाचा चुना घडायला तर तोच लागतो! म्हणून भर उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची निघतात.

ही धाप कमी करायला कूलरच हवा का? नाही. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. बीड १९ अक्षांशाजवळ आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. ऊन पत्र्यावर अडतं, लांब बाजूंच्या जाळीतून आत येत नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन दोन्ही टोकांच्या बंद भिंती झेलतात. रुंदी २५-३० फुटांच्या आत असली की वारा आरपार जातो. पत्र्याला चुना आणि वर उसाचं पाचट. टंचाईत शिंपडायला पाणी नसलं तरी तेवढ्यानंही तलखी उतरते.

आता डिसेंबर. तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे कलून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि तीन फुटी वळचणीखालून सरळ आत शिरतो! वळचण तसूभरही हललेली नाही. तरी मेमध्ये तिनं सावली दिली, आता ऊन देते आहे.

आणि रात्री? पायाखालची तुसाची किंवा शेंगांच्या टरफलांची गादी उकरून पाहा, ऊब हाताला लागते. विष्ठा कुजवणारे असंख्य सूक्ष्मजीव तिथं राबत असतात. मात्र त्याच कुजण्यातून डोळे चुरचुरवणारा अमोनियाही निघतो आणि उबदार हवेबरोबर वर चढतो. म्हणून जाळीवरचे पडदे खालून वर ओढायचे आणि वरची फट उघडी ठेवायची. ऊब कोंबड्यांजवळ राहते, वास बाहेर जातो.

तेव्हा शेड बांधायचीच असेल, तर सिमेंट मागवण्याआधी दिशा ठरवा. पत्रा बदलता येतो, जाळी बदलता येते. उभी राहिलेली शेड फिरवता येत नाही.