‘ऑन’पासून ऑनलाइनपर्यंत

धामणगाव रेल्वेत कोणाच्या दारात नवी कार उभी राहिली की शेजारी विचारतो, ‘कितीले पडली?’ पन्नास वर्षांपूर्वी तो विचारायचा, ‘कशी काय भेटली?’ मधल्या काळात गाड्या बदलल्या, हे सगळ्यांना दिसतं. पण गाडी विकण्याची रीतही चार-पाचदा बदलली आणि दर वेळी गिऱ्हाइकाचा खिसा नि त्याचा हक्क दोन्ही हलले. त्याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

गाव व्यापाराचं. कापसाच्या गाठी इथून रेल्वेने जायच्या, यवतमाळकडचा माल याच स्टेशनात उतरायचा. जिनिंगवाले, अडत्ये, डॉक्टर अशी मोटार परवडणारी मंडळी होती. पैसा होता, गाडी नव्हती. कुर्ल्याची फियाट आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, दोन्हींचं उत्पादन सरकारी परवान्यात अडकलेलं. १९६९ मध्ये तर सरकारने मोटारींच्या किमतीही आदेशाने ठरवल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. विक्रेत्याकडे विकायला काही नसायचंच. तो नंबर लावून घ्यायचा. भाव बांधलेला, त्यामुळे घासाघीस नाही. घाई असेल त्याने नंबर लागलेल्याला वर ‘ऑन’ द्यायचा आणि गाडी घ्यायची. ‘पूर्वी कसा एकच भाव असायचा’ असं जे आज म्हणतात, ते हा ‘ऑन’ सोयीने विसरतात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली. किंमत साधारण साडेसत्तेचाळीस हजार. नोंदणीलाच दहा हजार भरावे लागत. गाडी नवी, रांग जुनीच. खरा फरक पडला तो १९९३ मध्ये मोटारउद्योग परवान्यातून सुटल्यावर. १९९८ मध्ये सँट्रो आली, त्याच वर्षअखेरीस पुण्याची इंडिका आली, आणि पहिल्यांदाच गाड्या जास्त, गिऱ्हाईक कमी अशी वेळ विक्रेत्यावर आली.

मग वऱ्हाडी माणूस रंगात आला. कापूस विकून हाती रक्कम आली की दसरा-दिवाळीच्या तोंडावर अमरावतीचं कोटेशन घ्यायचं, ते यवतमाळला दाखवायचं, तिथलं नागपूरला. ‘ऑन रोड शेवटचं सांगा भाऊ.’ मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप फुकटात. ही सूट येते कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. विक्रेता कंपनीकडून गाडी आपल्या पैशाने, बहुतेकदा कर्जाने, विकत घेतो. ती आवारात उभी असेपर्यंत व्याज चालू. वर कंपनीचं महिन्याचं टार्गेट. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो नरमतो, आणि डिसेंबरात आणखी, कारण १ जानेवारीला तीच गाडी ‘मागच्या वर्षाची’ होते. एका हाताने सोडलेलं तो दुसऱ्या हाताने वसूलही करतो: विमा आमच्याकडूनच घ्या, ॲक्सेसरीजचा अमुक पॅक घ्या, हँडलिंग चार्ज द्या. विमा शोरूमचाच घ्यावा असं कोणताही कायदा सांगत नाही. पण मुहूर्त गाठायचा असतो, घरची माणसं पेढे घेऊन उभी असतात, आणि सही होते.

२००८ च्या मंदीत शहरी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मारुतीने विक्रेत्यांचे प्रतिनिधी छोट्या गावांत बसवले. त्याच गावात राहणारा, शिक्षक-सरपंचांशी ओळख असणारा मुलगा घरी येऊन गाडी विकू लागला. माझ्या मते या सगळ्या काळात गिऱ्हाइकाला सर्वांत मानवलेली रीत हीच. भावात फार फायदा झाला असं नाही. पण गाडी बिघडली तर धरायला माणूस गावातच होता. नॅनोने २००९ मध्ये उलटी वाट धरली. अर्ज बँकेच्या शाखेत, वाटप संगणकाच्या सोडतीने, पहिल्या एक लाख जणांना. रांग परत आली, फक्त चिठ्ठी टाकून.

घासाघिशीचा हा सुकाळ खरा किती होता, हे पुढे कळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाला एक निनावी ई-मेल गेला. लिहिणारा स्वतःला मारुतीचा विक्रेता म्हणवत होता. मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा, म्हणजे कंपनीच्या भाषेत ‘वेस्ट-२’, इथे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त सूट देण्याची आम्हाला मुभा नाही, अशी त्याची तक्रार. अमरावती-अकोला त्यातच आले. चौकशीत निघालं ते असं: कंपनीने नेमलेल्या संस्थेची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात आणि जास्त सूट मागून बघत. मिळाली की पुराव्यासह कळवत. मग विक्रेत्याला दंड, सेल्समनलाही दंड. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. दोन गावची कोटेशनं घेऊन फिरणाऱ्याला दोन्हीकडे जवळपास तोच आकडा का दिसायचा, याचं एक उत्तर या प्रकरणात आहे.

त्याच वर्षीचा दुसरा निकाल मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये टाटाची कार नवी म्हणून घेतली. निघाली २००९ ची, सहाशेवर किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने विक्रेत्यासोबत कंपनीलाही जबाबदार धरलं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून सोडवलं. गाडी कंपनीने विक्रेत्याला विकून टाकलेली, दोघांचे व्यवहार स्वतंत्र, आणि विक्रेत्याने काय केलं हे कंपनीला माहीत होतं याचा पुरावा नाही. सूट किती द्यायची यावर कंपनीचं लक्ष असतं असं एक प्रकरण सांगतं, आणि फसवणूक झाली तर विक्रेता वेगळा, असं दुसरं. कंपन्या दोन वेगळ्या, खटले वेगळे. तरी ग्राहकाने दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझने गाडी आधी विक्रेत्याला विकण्याचा हा धागाच तोडला. गाड्यांचा साठा कंपनीचा, देशभर एकच किंमत, बिल कंपनीच्या नावाचं. विक्रेत्याला फक्त कमिशन. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडलं, तेही स्वतःचंच. धामणगावात या गाड्या घेणारे किती, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण ही रीत खाली उतरली तर अमरावती-नागपूरच्या कोटेशनांचा खेळ संपेल. आणि गाडीत खोट निघाली तर ‘आम्ही विकलीच नाही’ म्हणायला कंपनीला जागा उरणार नाही. असा सौदा मला महाग वाटत नाही. युरोपात मात्र काही कंपन्यांनी हा प्रयोग जाहीर करून गुंडाळलाही आहे.

सर्वसामान्यांच्या वाट्याला आलंय ते ऑनलाइन बुकिंग. ३० जुलै २०२२ ला सकाळी ११ वाजता महिंद्राने स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली. अर्ध्या तासात एक लाख झाल्या. सुरुवातीची किंमत पहिल्या पंचवीस हजारांनाच, आणि ते पहिल्या मिनिटातच भरले. वावरात नेटवर्क शोधत फिरणाऱ्याने त्या मिनिटाचं काय करायचं? पुढे महिनोन्‌महिने थांबणं आलंच.

विक्रेता नाहीसा झाल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलं. २०१७ मध्ये शेवरले विकणं जनरल मोटर्सने थांबवलं, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. शोरूम बंद झाले. सुटे भाग देत राहू, हे आश्वासन कंपनीचं. पण जवळचं वर्कशॉप गेल्यावर ते आश्वासन किती लांबवर जाऊन वटवायचं, हे मालकालाच ठरवावं लागलं. आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, डिसेंबर २०२२ पासून नागपूर तर फारच जवळ आलं. कोटेशन आणायला सोपं झालं. सर्व्हिसिंगलाही तिकडेच जायचं का, हे मात्र घेण्याआधी ठरवलेलं बरं.

गाडी घेणाऱ्याला म्हणून एवढंच सांगणं. बुकिंग मोबाइलवर करा की शोरूममध्ये, पैसे भरण्याआधी बिल कोणाच्या नावाने फाटणार ते विचारा. विमा बाहेरून मागवून तुलना करा. हँडलिंगच्या नावाखाली पैसे मागितले तर ते कशाचे, हे लेखी मागा. आणि पासिंगला कागद जाण्याआधी विक्रीचा दाखला, म्हणजे फॉर्म २१, स्वतः वाचा. गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली हे त्यावर लिहिलेलं असतं.