कौल कुणाला?

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. काही तासांत श्रीवर्धन, मुरूड आणि म्हसळा तालुक्यांचे रूप पालटले. सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, मोबाईल मुके झाले. साथीची टाळेबंदी चालू होती आणि मृगाचा पाऊस दारात उभा होता. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न होता. डोक्यावर आता काय घालायचे? पुन्हा कौल, स्वस्तातला पत्रा, की कर्ज काढून स्लॅब?

प्रश्न घरगुती वाटतो खरा. पण गावाचे उद्याचे रूप अशाच निर्णयांतून ठरते. घाईच्या आठ दिवसांत घातलेल्या छपराखाली पुढच्या दोन पिढ्यांना राहायचे असते. वादळ एका दुपारचे असते. उन्हाळा आणि पावसाळा दरवर्षीचे. म्हणून दोन्ही कसोट्यांना उतरेल असे घर बांधता येईल का, हे शांतपणे तपासायला हवे.

श्रीवर्धन म्हणजे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. इथले जुने घर या हवेनेच घडवलेले आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे ओटी, भोवती पडवी, मध्ये माजघर, वर पोटमाळा आणि त्यावर उतरते कौलारू छप्पर. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस उतारावरून चटकन निथळतो. लांब पागोळ्या भिंतीवर पाणी येऊ देत नाहीत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. वैशाखातही माजघरात दुपारची झोप लागते ती यामुळे. मागे विहीर, रहाट आणि वाडी. न्हाणीचे पाणी अळू-केळींना. यात वाया जाणारे काहीच नव्हते.

मग हे घर मागे का पडले? कारण त्याला माणसे लागतात. दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागते. फुटलेली कौले बदलून, किडलेला वासा काढून घर चापूनचोपून घ्यावे लागते. मुले मुंबई-पुण्याला गेली, घरे बंद राहू लागली, शाकारणी करणारे हात कमी झाले. त्यात माकडांचा उच्छाद. एका दुपारी टोळी छपरावरून गेली की महिनाभराची डागडुजी मागे लागते. पत्रा त्यामुळेच आला. हौस म्हणून तो कोणी घातलेला नाही.

वारा छप्पर उचलतो कसा?

वादळात छप्पर वाऱ्याच्या दाबाने खाली बसत नाही, ते वर ओढले जाते. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वर ओढ निर्माण होते. त्यात एखादी खिडकी फुटली की घरात शिरलेला वारा आतूनही रेटा देतो. सुटी कौले अशा वेळी एकेक करून उडतात. नुकसान होते, पण सांगाडा बहुधा जागेवर राहतो. पत्र्याचे तसे नाही. तो नीट जखडलेला नसेल तर अख्खा, कधी कधी खालच्या पाइपांसकट उठतो आणि वाटेत येईल त्याला कापत जातो.

स्लॅब उडत नाही, हे निर्विवाद. पण समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत त्याच्या आतली सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडत राहतो. गळती सुरू झाली की लोक स्लॅबवरच पत्र्याची शेड चढवतात. कोकणात कुठेही नजर टाका, हे दिसेल. म्हणजे भक्कम म्हणून खर्च केलेल्या घरावरही शेवटी वादळाला उचलायला पत्रा असतोच!

या बाबतीत जगाने एक धडा घेतलेला आहे. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर 'ट्रेसी' चक्रीवादळाने जवळजवळ भुईसपाट केले. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले. मुख्य सूत्र असे, की छपरापासून पायापर्यंत घराचा प्रत्येक भाग पुढच्या भागाला बांधलेला हवा. साखळीची एक कडी सुटली तर बाकीच्या कितीही मजबूत असोत, उपयोग नाही.

हे सूत्र श्रीवर्धनच्या कौलारू घरालाही लागू करता येते. वासे तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्ट्या व बोल्टने जखडावी. चिऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. कडेची आणि आढ्यावरची कौले तारेने बांधावीत, कारण वारा तिथूनच शिरकाव करतो. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला कमी अडते. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे. गेले तर पडवीचेच जाईल, माजघर वाचेल. आणि घरातली एक छोटी खोली जाड भिंतींची व स्लॅबची असावी, जिथे कुटुंबाला ते चार तास काढता येतील. पत्राच घालायचा असेल तर तोही याच शिस्तीने जखडावा आणि खाली लाकडी किंवा बांबूचे छत करावे, म्हणजे उन्हाळा सुसह्य होईल.

वाडी हीसुद्धा भिंतच

घराला वाऱ्याचा पहिला तडाखा बसू नये, ही व्यवस्था वाडीने केलेली असते. श्रीवर्धनचा रोठा बाजारात नावाजलेला. पण दाटीने उभ्या असलेल्या पोफळी घराभोवतीचा पडदाही असतात. तो पडदा 2020 मध्ये फाटला. भरपाईचा हिशेब आधी हेक्टरी होता आणि इथल्या वाड्या तर गुंठ्यांच्या! पुढे झाडामागे दर ठरला, पोफळीला 50 रुपये आणि माडाला 250. नवे पोफळीचे रोप उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे जातात. तोवर घर उघडेच. म्हणून वाडी पुन्हा उभी करणे हा शेतीइतकाच निवाऱ्याचाही प्रश्न आहे.

हेच किनाऱ्याचे. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, दिवेआगरची केवड्याची बने, खाडीतली खारफुटी यांना बाजूला सारून पर्यटकांसाठी 'समुद्र दिसेल' अशा इमारती उभ्या राहिल्या, तर पहिला मार मागच्या आळीला बसतो.

काही गोष्टी मात्र एकट्या घराच्या आवाक्यातल्या नाहीत. 'निसर्ग'नंतर कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि वीज नसली की पंपावरचे पाणीही बंद. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पाचा दुसरा टप्पा 2015 मध्ये मंजूर झाला. त्यात महाराष्ट्रही होता. भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रे, खारबंधारे ही त्यातली कामे. ती कुठवर आली, हे नागरिकांनी विचारत राहिले पाहिजे. त्याच्या जोडीला बुजवत आणलेल्या विहिरी उपसून त्यांवर रहाट बसवणे तर आळीतल्या चार घरांनाही जमण्यासारखे आहे.

2009 मध्ये 'फयान', 2020 मध्ये 'निसर्ग', 2021 मध्ये किनाऱ्याजवळून गेलेले 'तौक्ते'. अरबी समुद्र आता पूर्वीइतका शांत राहिलेला नाही. ज्यांची घरे कोकणात आहेत आणि मुक्काम शहरात, त्यांनी पुढच्या सुट्टीत गावी गेल्यावर एवढे तरी करावे. गवंडी-सुताराला सोबत घेऊन माळ्यावर चढावे आणि आपले छप्पर भिंतीला कशाने बांधले आहे, ते पाहून घ्यावे. पुष्कळ घरांत ते नुसते टेकवलेले आढळेल. कौल, पत्रा की स्लॅब, हा प्रश्न त्यानंतरचा.