जवळ माणूस बसलं, म्हणजे पेशंट पडत नाही?

गैरसमज : ‘मी आहो ना जवळ, बाबा पडतीन कसे?’

आंजी (मोठी) परिसरातला पेशंट सेवाग्रामच्या रुग्णालयात भरती होवो की सावंगीच्या, सोबत घरचं माणूस असतंच. पडण्याच्या धोक्याचा विषय काढला की हेच उत्तर येतं. पुन्हा पुन्हा. म्हणून नीट सांगायला हवं.

वस्तुस्थिती : सोबतचं माणूस दिवसभर धावपळ करून रात्री खाटेजवळ सतरंजीवर आडवं होतं. पहाटे पेशंटला लघवी लागते. ‘कशाला झोपमोड करू’ म्हणून तो एकटाच उतरतो आणि तिथंच घात होतो. बराच वेळ पडून राहिलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरू शकतो. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने घसरला, तर तो धोक्याचा इशारा. बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्या त्यात भर घालतात. डोळ्यांपुढे अंधारी आलेला माणूस कोसळू लागला, की धरायला गेलेलाही त्याच्यासोबत पडतो.

म्हणून सिस्टरचं काम आधीच सुरू होतं. पडण्याचा धोका मोजणाऱ्या मॉर्स मापनात ती सहा गोष्टी तपासते. पूर्वी पडल्याचे 25 गुण, सलाईनचे 20. दोन्ही मिळून 45, आणि अनेक रुग्णालयं तिथूनच धोका जास्त धरतात. मग ठरावीक वेळानं लघवीला नेणं, उठवण्याआधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवणं, पाणी आणि चष्मा हाताशी ठेवणं.

नातेवाईक हवेतच, पण या आखणीत सामील होऊन. 2020 साली ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आलेल्या अमेरिकन अभ्यासात पेशंट आणि घरच्यांसोबत अशी आखणी केल्यावर पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी, तर इजा होण्याचं 34 टक्क्यांनी घटलं.

आणखी काही गैरसमज :

‘खाटेला कठडा लावला, आता काळजी नाही’ : भान हरपलेला पेशंट कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो.

‘म्हातारेच पडतात’ : रक्त गेलेली बाळंतीणही पहिल्यांदा उठताना पडते.

‘झोपवूनच ठेवा’ : पडून राहिल्यानं पायांतली ताकद जाते.

‘पडला की आधी उचला’ : नाही! हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका, सिस्टरला हाक मारा.

भरतीच्या दिवशीच सिस्टरला विचारा : यांना उठवायचं कसं आणि रात्री लघवीला न्यायचं कोणी? आणि पेशंटला बजावून सांगा, की झोपमोड झाली तरी चालेल, पण हाक मारायचीच.